चोवीस तासांचा गरम बर्फ

“किती तास?” आप्पांनी विचारलं.

मी वाकून पेटीच्या झाकणाचं रबर बोटानं चाचपत होतो. उत्तर देण्याआधी निदान सरळ उभं राहावं, एवढंही मला सुचलं नाही.

“चोवीस,” मी म्हणालो.

“नक्की?”

“खात्रीनं.”

आप्पा अंगणातल्या माणसांकडे वळले. “चोवीस म्हणताहेत. चोवीस तर चोवीस. उद्या दुपारी दोनपर्यंत.” आणि त्यांनी मनगट वर करून घड्याळ असं पाहिलं की ते पाहताना सगळ्यांना दिसावं.

मला दरदरून घाम फुटला. मे महिना होता, आमच्या जंक्शनच्या गावात पारा पंचेचाळीसवर होता, त्यामुळे घामाचं कुणाला काही वाटलं नाही.

पेटीत झोपे नाना होते. सकाळी दहाच्या सुमारास आंघोळ करून, कपाळाला गंध लावून ते वर्तमानपत्र घेऊन बसले आणि दुसऱ्या पानावर गेले. नाना रेल्वेत कंट्रोलर होते. म्हणजे कोणती गाडी कुठे थांबवायची आणि कोणती पुढे काढायची, हे एका खोलीत बसून ठरवायचं. छत्तीस वर्षांतली निम्मी रात्रपाळीत गेली. रात्रपाळी करणाऱ्याचं आडनाव झोपे असावं यावर व्हायचे ते सगळे विनोद त्यांच्या निवृत्तीपर्यंत होऊन गेले होते, आणि त्यातले बरेचसे त्यांनी स्वतःच केले होते. मी त्यांच्यापासून दोन घरं सोडून राहायचो. ही गोष्ट लोडशेडिंगच्या वर्षांतली आहे. दिवसाचे आठ तास वीज नसायची आणि उरलेल्या सोळा तासांत ती येईल की नाही याचीच चर्चा असायची.

नानांना एकच मुलगी, कुमुद. राउरकेल्याला शाळेत शिकवायची. काकूंनी तिला फोन केला, तिनं तासाभरात मिळेल ती गाडी पकडली. गाडी आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ चाळीसला पोचायची होती.

तोवर नानांचे धाकटे भाऊ, काशिनाथ आप्पा, गावाकडून जीप भरून माणसं घेऊन आले. पांढरा सदरा, पांढरी टोपी, शब्द मोजून बोलणारा माणूस. त्यांनी भावाच्या पायांवर डोकं ठेवलं, डोळे पुसले, आणि लगेच कामाला लागले.

“चारपर्यंत आटपून घेऊ. ऊन फार आहे.”

“कुमुद यायचीय,” काकू म्हणाल्या. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडत नव्हत्या. सकाळपासून त्या अशाच बसल्या होत्या आणि कुणी काही विचारलं तर व्यवस्थित उत्तर देत होत्या, याचंच बायकांना भय वाटायला लागलं होतं.

“वहिनी, तिला तिसऱ्याला येऊ द्या. राख सावडायला.”

“अग्नी तीच देणार आहे. ह्यांनी सांगून ठेवलंय.”

आप्पांचा मुलगा नितीन नवा पंचा खांद्यावर टाकूनच आला होता, तो पंच्याकडे पाहू लागला. गावाकडच्या मंडळींपैकी एका म्हाताऱ्यानं घसा खाकरला.

“पुतण्या हातापायानं धड असताना पोरगी अग्नी देईल? काशिनाथ, हे काय होऊन राहिलं?”

“बघू,” आप्पा म्हणाले. “आधी ठेवायचं कसं ते तरी बघू.”

त्यातच सगळं होतं. नाना उद्यापर्यंत टिकले तर अग्नी कुमुदच्या हातून. नाही टिकले, तर आजच नितीनच्या. आणि पंचेचाळीस अंशांत कोण किती टिकतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

बर्फाच्या लाद्या आणायला माणूस गेला, तो हात हलवत परत आला. लग्नसराई, त्यात विजेचा हा प्रकार. बर्फाच्या कारखान्यात तीन दिवस पाणीच पाणी होतं. मग एका मंडळाची शीतपेटी आणली. काचेचं झाकण, खाली कॉम्प्रेसर. वीज होती तेवढ्यात जोडली. व्होल्टेज एकदम वर गेलं, कॉम्प्रेसरमधून जळकट वास आला आणि तो कायमचा गप्प झाला. एका अंगणात दोन दुःखद घटना झाल्या, पण दुसरीकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

“आता?” आप्पा म्हणाले.

मी मागे, निंबाच्या सावलीत उभा होतो. मी काही बोलणार नव्हतो. पण काकूंनी मान वर केली.

“मुरलीधर, तुझा तो गरम बर्फ कुठंय?”

गरम बर्फ हे नाव नानांनीच ठेवलेलं. मी तेव्हा पुण्याच्या एका कंपनीचा तीन जिल्ह्यांचा एजंट होतो. माल म्हणजे प्लॅस्टिकच्या सपाट बंद लाद्या, प्रत्येकी दोन किलोच्या. आत मेणासारखा पदार्थ. माहितीपत्रकात त्याला ‘प्रावस्थांतर पदार्थ’ म्हटलं होतं, आणि हा शब्द ऐकल्यावर गिऱ्हाईक आधी माझ्या आणि मग स्वतःच्या अवस्थेबद्दल चौकशी करायचं. खरं तर गोष्ट साधी. पाणी शून्य अंशाला गोठतं आणि शून्यालाच वितळतं. हा पदार्थ पाच अंशांना गोठतो आणि पाचलाच वितळतो. वितळताना भोवतालची उष्णता गिळत राहतो, पण आतलं सगळं वितळेपर्यंत स्वतः पाचवरून हलत नाही. औषधं, दूध, लसी, ज्यांना बर्फाचा गारठा सोसत नाही आणि ऊनही सोसत नाही, त्यांच्यासाठी उत्तम.

“बर्फ शून्याला असतो,” नाना म्हणाले होते. “पाच म्हणजे उकडलेला.”

दोन वर्षांत माझा माल एकदाच खपला. एका केळीच्या व्यापाऱ्यानं दोन लाद्या नेल्या आणि त्यांवर आपला वजनकाटा सपाट बसवला. बाकीच्या साठ लाद्या माझा शाळेतला सोबती चुडामण सरोदे याच्या औषधांच्या थंड खोलीत पडून होत्या. त्याच्याकडे जनरेटर होता, त्याला लाद्यांची गरज नव्हती. मैत्रीखातर ठेवून घेतल्या होत्या, आणि मैत्रीखातरच तो दर भेटीत त्या कधी नेतोस म्हणून विचारायचा.

मी त्याच्याकडे गेलो आणि सांगितलं. त्यानं काउंटरवरून चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं.

“म्हणजे दोन वर्षांत तुला खरं गिऱ्हाईक मिळालं.”

“चुडामण.”

“आणि तेही मेलेलं.”

“टेम्पो देतोस का?”

“देतो. मुरल्या, पण त्या चालतात ना रे? म्हणजे खरोखर?”

“माहितीपत्रकात आहे.”

“मी माहितीपत्रकाचं नाही विचारलं,” तो म्हणाला, पण चावी दिली.

लाद्या दगडासारख्या घट्ट गोठल्या होत्या. आम्ही त्या पेटीत तळाला, दोन्ही बाजूंना, उशापायथ्याला रचल्या, मग नानांना मध्ये ठेवलं. चुडामणच्या फ्रीजमधला काचेचा थर्मामीटर दोऱ्यानं आत सोडला, काचेतून दिसेल असा. मग मी गोधड्या मागितल्या.

“गोधड्या?” शेजारच्या भिरूडवहिनी म्हणाल्या. “या उन्हात?”

“बाहेरची उष्णता आत जाऊ नये म्हणून.”

“नानांना उकडेल हो,” त्या म्हणाल्या, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन पदर तोंडाला लावून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्याकडे सहा गोधड्या होत्या.

पेटी काचेचा तोंडाजवळचा भाग सोडून सगळीकडून गोधड्यांनी गुंडाळली. आणि मग आप्पांनी विचारलं, किती तास.

आता तो चोवीसचा आकडा कुठून आला, ते सांगतो. माहितीपत्रकात होता. ‘चोवीस तास खात्रीने’ असं मोठ्या अक्षरांत, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘प्रयोगशाळेतील परिस्थितीत’. दोन वर्षं मी दुकानोदुकानी तो आकडा म्हणत हिंडलो होतो. ‘किती तास’ हे दोन शब्द कानावर पडले की माझं तोंड आपोआप ‘चोवीस’ म्हणायचं, जसं कुणी शिंकलं की आपण काहीतरी म्हणतो. प्रयोगशाळा पुण्यात होती. तिथे पंचवीस अंश होते. तिथे कुणी झाकण उघडून दर्शन घेत नव्हतं. आणि त्यांच्या पेटीत नाना नव्हते.

अर्ध्या तासात पारा पाचच्या जरा वर येऊन थांबला, मग पाचवर बसला. इंगळे म्हणून नानांचा ऑफिसातला शिष्य होता, तो काचेला नाक लावून पाहत होता. “पाच,” तो म्हणाला. बातमी अंगणात पसरली. लोक रांगेनं येऊन पाच पाहू लागले. संध्याकाळी पाच. दिवेलागणीला पाच. ज्यांनी दोन वर्षं माझी टिंगल केली ते माझ्याकडे आदरानं पाहू लागले. भिरूडवहिनींचे यजमान तर म्हणाले, “वारके, मानलं बुवा. हलायला तयार नाही.”

तीच तर गोम होती. तो हलणारच नव्हता. साठच्या साठ लाद्या घट्ट असल्या तरी पाच, आणि शेवटच्या लादीत सुपारीएवढा गोळा उरला असला तरीही पाच. त्या काचेच्या नळीत किती उरलंय याचा पत्ता कुठेच नव्हता. सगळे पाच पाहून निश्चिंत होत होते आणि मी त्याच पाचाकडे पाहून घटकेघटकेला उठत होतो.

आमच्या गल्लीत मयत पडून असलं की चूल पेटत नाही. नेहमी हा प्रकार चार तासांचा असतो. या वेळी अख्ख्या गल्लीला समजलं, की प्रकार चोवीस तासांचा आहे, आणि तो वारकेंमुळे आहे. संध्याकाळपासून माणसं एकेक करून स्टेशनाकडे ‘गाडीची चौकशी’ करायला जाऊ लागली. येताना ओठ पुसत येत. एकाच्या मिशीला भज्याचा तुकडा होता. एवढी चौकशी त्या स्टेशनात त्याआधी कधी झाली नसेल. पण पोरांना आणि म्हाताऱ्यांना स्टेशनवर नेता येत नव्हतं, आणि बायका काही गेल्या नाहीत. त्या खिडक्यांतून माझ्याकडे पाहत.

रात्र बसून काढली. तिच्यात सांगण्यासारखं काही नाही.

सकाळी सात वाजता इंगळे कंट्रोलमधून आला. चेहऱ्यावरूनच कळलं.

“लेट आहे.”

“किती?”

“अजून नागपूर लागलं नाही. पुढे उन्हानं रूळ पसरलेत म्हणून हळू सोडताहेत. नाना असते तर सांगितलं असतं नेमकं.”

“आपण किती धरायचं?”

“दुपारी चार. साडेचार.”

मी पेटीकडे पाहिलं. पाच. सगळ्यांनी पाचच पाहिलं. मी मात्र पायथ्याकडची गोधडी ठीक करतो म्हणून बसलो, झाकण चार बोटं उचललं, हात आत घातला आणि कडेची एक लादी हळूच हलवली. तिच्यात पाणी डचमळल्यासारखा आवाज झाला. दुसरी हलवली. डचमळली. तिसरी अर्धी. मी झाकण खाली केलं आणि गोधडी अशी नीट खोचली, की जणू नानांना थंडी वाजणार होती.

त्यानंतर मी झाकणाचा पहारेकरी झालो. जो येई त्याला नानांचं तोंड पाहायचं असे, आणि काचेवर दव साचलेलं. प्रत्येकाला झाकण उचलायचं होतं.

“काचेतून पाहा.”

“दिसत नाही हो.”

“बाहेरून पुसा. दव बाहेरून आहे.”

“सख्खा मामा आहे मी.”

“मामा, काचेतून.”

मामा रागावले, आत्या रडल्या, म्हातारा म्हणाला की हा बर्फवाला आता मढ्याचाही मालक झाला. मी ऐकून घेतलं. उठलो, बसलो, फाटकापर्यंत गेलो, परत आलो. अकरा वाजता गाडी नागपूर सोडून निघाली. बारा वाजता मी परत हात आत घातला. वीस लाद्या हलवून पाहिल्या, त्यांत फक्त चार घट्ट. त्या मी खालून वर आणल्या, छातीशी आणि डोक्याशी लावल्या. काकू भिंतीपासून सगळं पाहत होत्या.

“काय करतोस?”

“नीट लावतोय.”

“लाव,” त्या म्हणाल्या.

दोनला पाच मिनिटं असताना आप्पा पेटीपाशी येऊन उभे राहिले. मागे गावाकडची सगळी मंडळी. कालपासून पोटात नुसता चोरून घेतलेला चहा. नितीन त्यांच्या शेजारी, पंचा खांद्यावर.

“वारके. चोवीस तास झाले.”

“पारा पाचवर आहे आप्पा.”

“ते दिसतंय. पुढचं सांगा.”

म्हातारा पुढे सरकला. “काय पुढचं? शब्द चोवीसचा होता. शब्द संपला. उचला आता. पोरं उपाशी आहेत.”

मी बोलायला तोंड उघडलं. मला म्हणायचं होतं, आणखी चार तास. तोंडाला सवय होतीच. पण समोर आप्पा होते आणि भिंतीशी काकू होत्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच माझ्या तोंडून आकडा निघेना. मी वाकलो, झाकण थोडं उचललं, कडेची एक लादी ओढून काढली आणि आप्पांच्या हातात दिली.

“हलवून बघा,” मी म्हणालो. “तुम्हीच बघा.”

लादी गार होती, हात लावला की गार लागे. पण आत सगळं पाणी झालं होतं. आप्पांनी ती कानाजवळ धरली, जसा नारळ पारखतात, आणि एकदा हलवली. मला तिथून आवाज ऐकू आला. मागच्या माणसांना नसावा.

आप्पांनी लादी खाली केली. माझ्याकडे पाहिलं नाही.

“इंगळे. गाडी कुठंय?”

“बडनेरा सोडलं. मूर्तिजापूर लागेल.”

आप्पांनी डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा ठेवला. मूर्तिजापूर, अकोला, शेगाव, नांदुरा, मलकापूर, बोदवड. नाना असंच मोजायचे, ओठ न हलवता. कधी काळी दोघे भाऊ एकाच ओट्यावर बसून मोजायला शिकले असतील.

मग ते मागे वळले.

“अजून घट्ट आहे,” ते म्हणाले. “पाच वाजेपर्यंत काही होत नाही.”

“काशिनाथ,” म्हातारा म्हणाला, “शब्द चोवीसचा...”

“काका, माझ्या हातात आहे ना ती? तुम्हाला हलवायचीय?”

म्हाताऱ्यानं हात पुढे केला. आप्पांनी ती लादी त्याला न देता माझ्याकडे दिली, एखादा दागिना परत करावा तशी दोन्ही हातांनी, आणि मी ती झटकन आत सरकवून गोधडी ओढली.

“पोरांना खायला घाला,” आप्पा म्हणाले. “दादा काही रागावणार नाही. मोठ्यांनी उपाशी बसा हवं तर.”

गल्लीत चूल तरीही पेटली नाही, पण बिस्किटांचे पुडे फुटल्याचा आवाज चार-पाच घरांतून आला.

सव्वातीनला पारा सहावर गेला.

तो फक्त मी पाहिला. म्हणजे मला तसं वाटलं. मी काचेवरचं दव पुसणं बंद केलं, उलट रुमाल ओला करून तिच्यावर फिरवला, जेणेकरून बाहेरून काही वाचता येऊ नये. आज मला माहीत आहे की सहा, सात, दहा झालं तरी लगेच काही बिघडत नाही, तासन्‌तास जातात. तेव्हा माहीत नव्हतं. माहितीपत्रकात पाचच्या पुढे काही लिहिलेलंच नव्हतं. मला वाटत होतं, पाच सुटलं म्हणजे सगळंच सुटलं. सात झालं. मी उभा राहून पेटीभोवती फेऱ्या घालू लागलो, आणि लोकांना वाटलं मी प्रदक्षिणा घालतोय. एकानं हात जोडले.

चारला काकू उठल्या. कालपासून पहिल्यांदा. त्या पेटीपाशी आल्या, दोरा धरून थर्मामीटर बाहेर ओढला आणि तो डोळ्यांजवळ न नेता, मनगटाच्या एका हिसक्यानं झटकला. दोनदा. तीनदा. घरातल्या कुणाचा ताप पाहिल्यावर आई झटकते तसा.

“काकू,” मी हळू म्हणालो, “हा तापाचा नाही. असा उतरत नाही.”

“मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या आणि आणखी एकदा झटकला. मग पुन्हा आत सोडला आणि तिथेच, पेटीला पाठ लावून, गोधडीवर बसल्या. त्यांच्या पाठीमागे काच पूर्ण झाकली गेली. त्यांना ओलांडून पाहायची कुणाची छाती झाली नाही.

“सात होता ना?” त्यांनी मला विचारलं, समोर पाहत.

“साडेसात.”

“बस इथे.”

मी बसलो. आमच्या पाठीमागे, गोधडीच्या आत, अधूनमधून एखादी लादी सरकायची आणि आतलं पाणी डुचकन हलायचं. दर वेळी आम्ही दोघंही जरा ताठ व्हायचो. इंगळे फाटकातून आत यायचा आणि म्हणायचा, “मलकापूर.” बाहेर जायचा, पुन्हा यायचा, “मलकापूरलाच.” मग पुन्हा, “सुटली.” आप्पा अंगणात उभे होते. काल दुपारपासून मी त्यांना बसलेलं पाहिलं नव्हतं.

चार पन्नासला रिक्षा आली. कुमुदच्या हातात एकच पिशवी होती आणि पायातल्या चपला दोन वेगवेगळ्या जोडांच्या होत्या. ती सरळ पेटीपाशी आली. काकू बाजूला सरकल्या. मी सगळ्या गोधड्या काढल्या आणि झाकण पूर्ण उघडलं, कालपासून पहिल्यांदा, आणि मला स्वतःलाच मोकळं वाटलं.

नाना जसेच्या तसे होते. गंधसुद्धा. कुमुदनं त्यांच्या कपाळावर हात ठेवला, मग गालावर, मग त्यांचा हात हातात घेतला. तो घेता आला. बोटं वाकली.

“मला वाटलं होतं, बर्फात ठेवलं असेल,” ती म्हणाली. “गाडीत सारखं वाटत होतं, बाबा लाकडासारखे कडक लागतील. अंगभर पाणी असेल.” तिनं त्यांच्या सदऱ्याची बाही चाचपली. “कोरडे आहेत.”

“कोरडेच आहेत,” काकू म्हणाल्या, आणि तिथे त्या रडल्या. इतक्या की भिरूडवहिनींना दोघींना एकदम धरावं लागलं.

तिरडी उचलताना म्हातारा पुन्हा काही म्हणणार होता. आप्पांनी मडकं उचललं, सगळ्यांच्या देखत कुमुदच्या हातात दिलं आणि नितीनला म्हणाले, “तू पुढून खांदा दे. तिच्या चालीनं चाल.” नितीननं पंचा कमरेला बांधला. मला तो ओझ्यातून सुटल्यासारखा दिसला.

सूर्य मावळायला अर्धा तास असताना कुमुदनं अग्नी दिला.

परतताना माणसं भराभर पुढे निघून गेली. दीड दिवसानं चुली पेटणार होत्या. मी मागे राहिलो होतो. थोड्या वेळानं पाहिलं तर आप्पाही मागे राहिले होते. आम्ही दोघं बरोबर चालू लागलो. मग मीच म्हणालो.

“आप्पा, त्या लादीत पाणी झालं होतं.”

“मी बहिरा नाही.”

“तुम्ही घट्ट आहे म्हणालात.”

“म्हणालो.”

पुन्हा थोडं अंतर गेलं. मला ते मनात ठेवून घरी जाणं शक्य नव्हतं.

“आणि काल मी जे चोवीस म्हणालो ना, ते मला माहीत नव्हतं. मी आजवर कधी करूनच पाहिलं नव्हतं. ते छापलेलं होतं, म्हणून म्हणालो.”

“ते मला कालच कळलं.”

“कसं?”

“मान वर न करता बोललात. माहिती असणारा माणूस जरा विचार करून आकडा सांगतो.”

मी थांबलो. ते थांबले नाहीत, म्हणून मला पुन्हा त्यांना गाठावं लागलं.

“मग तुम्ही कबूल कसे झालात?”

आप्पांनी टोपी काढली, तिनं मान पुसली आणि पुन्हा डोक्यावर घातली.

“दादानं मला चार महिन्यांपूर्वी पत्र लिहिलं होतं. अग्नी कुमुद देईल म्हणून. आता माझ्याबरोबर जीप भरून भाऊबंद. मी त्यांच्यासमोर काय म्हणू, पोरीसाठी थांबा? मला विचारायलाच आले असते सगळे, डोकं फिरलं का. मला एक आकडा हवा होता. दुसऱ्या कुणीतरी सांगितलेला.” त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. “तुम्ही बारा म्हणाला असतात, वारके, तर मला ‘नाही’ म्हणावं लागलं असतं.”

एवढं बोलून ते पुढे निघाले. आम्ही दोघंही अनवाणी होतो आणि रस्त्याच्या डांबराचा ताप अजून उतरलेला नव्हता, त्यामुळे उरलेलं अंतर आम्ही जवळजवळ पळतच कापलं.